घाट निर्दोष आहे

सलग सुट्ट्या आल्या की महाबळेश्वरला निघालेलं निम्मं पुणं खंबाटकीच्या चढावर येऊन थबकतं. वळणावळणावर एखादी गाडी बॉनेट उघडून वाफ सोडत उभी असते, आणि भोवती जमलेल्या मंडळींचं एका गोष्टीवर लगेच एकमत होतं: "घाटच तसला आहे!" या खटल्यात घाट आरोपी नाही, फार तर साक्षीदार आहे. त्याच चढावरून भाजीचा म्हातारा टेम्पो खोकत का होईना, वर जातोच. धडधाकट गाडीत निम्मं पाणी, निम्मं कूलंट असतं आणि रेडिएटरचं झाकण ते दाबाखाली कोंडून ठेवतं, म्हणून १२० अंशांपर्यंतही ते उकळत नाही. नुसत्या चढाने ते उकळवायचं तर घाट खंबाटकीपेक्षा बराच थोर लागेल.

"पण शिरवळपर्यंत तर झकास चालली होती!" हा बचाव हमखास येतो. चालणारच. ताशी ऐंशीने जाताना समोरचा वाराच रेडिएटर गार ठेवतो. फॅनचा रिले जळालेला असला तरी कुणाला पत्ता लागत नाही. घाटातल्या कोंडीत वारा थांबतो आणि सगळी भिस्त फॅनवर येते. उलट मोकळ्या रस्त्यावरच तापमानाचा काटा चढला असेल, तर फॅनला सोडून अडकलेला थर्मोस्टॅट, गाळाने तुंबलेला रेडिएटर किंवा वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) यांच्याकडे वळावं. कूलंटचे पैसे वाचवून वर्षानुवर्षे नळाचं पाणी ओतणाऱ्यांच्या रेडिएटरमध्ये गंज आणि क्षारांची चांगली गुंतवणूक झालेली असते. आणखी एक फसवी खूण म्हणजे चढलेला काटा एकदम खाली येणं. गाडीत टाळ्या पडतात. प्रत्यक्षात पाणी इतकं आटलेलं असू शकतं की सेन्सरला ते लागतच नाही.

मग गाडी बंद पडते आणि "सुरूच होत नाही" असा पुकारा होतो. एवढ्या तक्रारीवरून काहीच कळत नाही. सेल्फ मारल्यावर काय होतं ते ऐकायला हवं. नुसतं टक् वाजलं आणि दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली आहे. त्यात काटा चढण्याच्या सुमारास बॅटरीचा लाल दिवाही लागला असेल, तर बेल्ट तुटल्याचा दाट संशय घ्यावा, कारण बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर आणि वॉटर बॉडी एकाच बेल्टवर फिरतात. इंजिन फिरतंय पण पेटत नाही, आणि गार झाल्यावर निमूट सुरू होतं, तर क्रँक सेन्सर तपासावा. नेहमीपेक्षा हलकं, भुर्रकन फिरलं तर टायमिंग बेल्ट किंवा काँप्रेशन गेलं असावं. बॅटरी ठणठणीत असून इंजिन हलतच नसेल, तर ते जाम झालेलं किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं. पुन्हा पुन्हा सेल्फ मारणं ताबडतोब थांबवावं.

यावर मागच्या सीटवरचे काका सांगतात की पद्मिनीच्या काळी गाडीतल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकलं की गाडी निघायची. खरं आहे. तेव्हा इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची. आताच्या गाड्यांत पंप टाकीत बसतो आणि पेट्रोल दाबाने येतं, त्यामुळे ते फडकं काकांच्याच डोक्यावर जास्त उपयोगी पडेल. राहिला "पाणी ओता आणि निघा" हा पक्ष. गरम रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे शिट्टी होत असताना कुकर उघडणं. आणि तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. निदान अर्धा-पाऊण तास भेळ खावी, मग झाकणाला हात लावावा. त्यानंतर ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबेना, तर हेड गॅस्केट उडाल्यात जमा आहे. गाडी टोइंगवाल्याच्या हवाली करावी. घाट एकेरी असल्यामुळे तो ओढून नेणार साताऱ्याच्याच बाजूला, म्हणजे महाबळेश्वर तेवढंच जवळ येतं.