पिनकोड कुठला हवाय?

पत्ता लिहिताना आपण आतून बाहेर येतो. आधी माणूस, मग घर, गल्ली, मग मु. पो., ता., जि. टपाल खात्याला मात्र तोच पत्ता बाहेरून आत वाचावा लागतो. त्यात एकाच नावाची दहा गावं आणि कुणालाच न लागणारं अक्षर. यावर उतारा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. त्याचे कर्ते श्रीराम भिकाजी वेलणकर, दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतात काव्यं-नाटकं लिहिणारा मराठी माणूस. पहिला आकडा विभागाचा: ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. ४११ म्हटलं की पुणे, ४११०३० म्हटलं की सदाशिव पेठ. शोधाशोध करावी लागू नये म्हणून काढलेली युक्ती.

आणि मला पगार मिळतो तो बऱ्याच अंशी हा पिनकोड शोधून काढण्याबद्दल.

त्याचं असं आहे. आमचा प्रोग्रॅम दुसऱ्या कुणाच्या तरी सर्व्हरकडे ग्राहकाची माहिती मागतो. उत्तर येतं ते जेसॉन नावाच्या मांडणीत. महिरपी कंसात एक नाव, त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबं, त्यापुढे मजकूर. नावाला आम्ही की म्हणतो, मजकुराला व्हॅल्यू. डग्लस क्रॉकफर्ड यांनी याचे नियम लिहून काढले ते व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर मावतील एवढेच. आणि हे मी निर्माण केलं नाही, मला ते सापडलं, असं ते सांगत आले आहेत. नियम थोडे, पण त्यात एक फट आहे. व्हॅल्यूच्या जागी पुन्हा महिरपी कंस चालतो. त्यात पुन्हा. किती खोल जायचं याला व्याकरणाची आडकाठी नाही, आणि आडकाठी नसली की माणसं आवरतं घेत नाहीत.

जावास्क्रिप्टमध्ये ॲक्सिओस नावाची लायब्ररी आहे. ती सर्व्हरचं उत्तर 'डेटा' नावाच्या कीमध्ये ठेवून देते. सर्व्हर लिहिणाराही व्यवस्थित माणूस, त्यानेही आपलं उत्तर आधीच 'डेटा'त घालून पाठवलेलं असतं. म्हणून आम्ही सुरुवातच 'रिस्पॉन्स डॉट डेटा डॉट डेटा' अशी करतो. तिथून 'आयटम्स', त्यातला शून्यावा (आमच्याकडे मोजणी शून्यापासून), मग 'कस्टमर', 'प्रोफाइल', 'ॲड्रेसेस', पुन्हा शून्यावा, 'लोकेशन', आणि मग एकदाचा 'पिनकोड'. यातली एखादी पायरी एखाद्या ग्राहकाच्या बाबतीत नसली, की प्रोग्रॅम आडवा. २०२० साली या भाषेने प्रश्नचिन्ह आणि टिंब अशी एक जोडी बहाल केली. 'असेल तर पुढे जा, नसेल तर राहू दे' एवढाच तिचा अर्थ, पण तेवढ्याने आमची कितीतरी रात्रींची झोप वाचली.

हे झालं वाट ठाऊक असली तर. ती ठाऊक नसते तेव्हा खरी गंमत. मग पायथन या दुसऱ्या भाषेत एक छोटंसं फंक्शन लिहायचं. हातात आलेली वस्तू डिक्शनरी (म्हणजे महिरपी कंस) आहे का? असेल तर तिच्या कीजमध्ये 'पिनकोड' बघ, तो नसेल तर एकेक व्हॅल्यू उचल आणि ती घेऊन पुन्हा स्वतःलाच हाक मार (यालाच रिकर्शन म्हणतात). यादी असेल तर यादीतल्या प्रत्येकाशी तेच. आकडा किंवा शब्द असेल तर सोडून दे. बस्स. इन-मिन आठ-दहा ओळी. मुलाखतीत हे विचारतात आणि उमेदवार हसतमुखाने लिहून दाखवतात.

पण 'यादी आहे का' असं न विचारता 'याच्यातून एकेक करून फिरता येतं का' असं कुणी हुशारीने विचारलं, की 'पुणे' आडवं येतं. कारण पायथनमध्ये शब्दातूनही फिरता येतं. फंक्शन 'पुणे'मध्ये शिरतं, त्यातला 'प' उचलतं आणि त्याच्या आत पाहतं. 'प'च्या आत काय असणार? 'प'. त्याच्या आत? 'प'. पायथन साधारण हजार पायऱ्यांवर हात टेकतं आणि रिकर्शनची मर्यादा ओलांडली म्हणून लाल अक्षरांत ओरडतं. उकार, 'ण' आणि मात्रा बिचारे तोवर रांगेतच. (पुण्यात शिरलेला माणूस पुण्यातच अडकतो, असं यावर ऑफिसातले नागपूरकर म्हणतात. आम्ही दुर्लक्ष करतो.)

याच्या उलटही होतं. शब्द म्हणून सोडून द्यावा, तर त्याच शब्दाच्या पोटात कुणीतरी अख्खं जेसॉन कोंबलेलं असतं. दर अवतरणचिन्हाआधी उलटी तिरकी रेघ दिसली की ओळखावं, हा माल दोनदा बांधला आहे. फंक्शन प्रामाणिकपणे सांगतं, पिनकोड नाही. आणि तो तर आपल्याला डोळ्यांनी दिसत असतो.

'नाही' या उत्तराचंही एक दुखणं आहे. जुन्या वाड्यात शिरून 'जोशी कुठे राहतात?' विचारण्यासारखंच हे काम. काहीजण पहिल्या बिऱ्हाडात शिरून माजघर, कोठी, थेट परसापर्यंत जाऊन येतात, मगच दुसरं दार ठोठावतात. काहीजण आधी अख्ख्या पहिल्या चौकाला विचारून घेतात. पद्धत कुठलीही असो, 'जोशी नाहीत' या उत्तराचे दोन अर्थ निघतात. इथे राहतच नाहीत, किंवा राहतात पण आत्ता घरी नाहीत. डिक्शनरीला 'गेट'ने विचारलं तर की नसली तरी 'नन' (म्हणजे 'काही नाही') मिळतं, आणि की असून तिच्यात 'नन'च ठेवलेलं असलं तरी 'नन'च. पहिल्या बाबतीत पुढचं दार ठोठावायचं, दुसऱ्या बाबतीत ग्राहकाला फोन करायचा. हा फरक कळावा म्हणून जाणती मंडळी 'सापडलं नाही' यासाठी स्वतःची एक वेगळी खूण ठेवतात.

आणि वाड्यात जोशी एकच थोडे असतात? हाच तर खरा घोळ. स्टीफन ग्योस्नर यांनी २००७ साली जेसॉनपाथ मांडला. त्यात दोन टिंबं देऊन पुढे 'पिनकोड' लिहिलं की कुठल्याही खोलीतले सगळे पिनकोड हाती येतात. २०२४ साली त्याचं रीतसर प्रमाणही ठरलं. म्हणजे आठ-दहा ओळीही लिहायला नकोत. पण मिळतात ते *सगळे*. लोक म्हणतात, पहिला घ्या. जेसॉनच्या नियमांत महिरपी कंसातल्या कीजना क्रमच नाही. क्रम आहे तो फक्त चौकोनी कंसातल्या याद्यांना. क्रमच नसलेल्या गर्दीतला पहिला कोण, हे कुणी ठरवायचं? माझ्या मते शोधणाऱ्या फंक्शनने नुसती व्हॅल्यू परत देऊच नये. ती ज्या वाटेने मिळाली ती सगळी वाट सोबत द्यावी. वाट हाती असली की निदान भांडता तरी येतं.

परवा समोरच्या कंपनीतल्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, रिपोर्टमध्ये पिनकोडचा कॉलम हवाय."

"कुठला पिनकोड?"

"कुठला म्हणजे? पिनकोड हो. ग्राहकाचा."

मी वाटांसकट यादी पाठवली. घरपोच पत्त्याखालचा एक, बिलाच्या पत्त्याखालचा एक, बँकेच्या शाखेखालचा, माल सुटतो त्या गोदामाखालचा आणि नॉमिनीच्या पत्त्याखालचा. यांतला कुठला, तेवढं कळवा, असं खाली लिहिलं. संध्याकाळी उत्तर आलं: "चेक केलं. सगळे बरोबर आहेत. कॉलम मात्र एकच ठेवा."