एका रेघेने ‘एफ’चा ‘ई’ करणाऱ्यास खुले पत्र



बंगळूरच्या आउटर रिंग रोडच्या काचेरी इमारतींमागे, बेळ्ळंदूरच्या तुमच्या शेडमध्ये उभी असलेली लाल कॅडिलॅक 1959 ची आहे, याबद्दल माझा वाद नाही. पण ती ‘एल्डोराडो बिआरिट्झ’ नाही, आणि हे आम्ही सांगण्याआधीपासून तुम्हाला ठाऊक होते. कारण तिला बिआरिट्झ करणारे तुम्हीच आहात.

1959 साली कॅडिलॅकने दोन उघड्या गाड्या काढल्या. एक सिरीज 62 कन्व्हर्टिबल, किंमत 5,455 डॉलर, बनल्या 11,130. दुसरी एल्डोराडो बिआरिट्झ, किंमत 7,401 डॉलर, बनल्या फक्त 1,320. दोन्हींना तेच उंच पंख, तेच बंदुकीच्या गोळीसारखे जोडदिवे, तेच 390 घनइंची इंजिन. आज या दोन गाड्यांच्या भावात जे अंतर आहे, ते खिशात घालायचे एवढाच तुमचा उद्योग आहे. त्याला तुम्ही ‘रिस्टोरेशन’ म्हणता. रिस्टोरेशन म्हणजे गाडी होती तशी करणे. जी ती कधीच नव्हती तशी तिला करणे, याला साध्या मराठीत बनवाबनवी म्हणतात.

तुमचे दुर्दैव असे, की गाडी पाहायला आलो तेव्हा माझ्यासोबत माझा आतेभाऊ होता. बेळगावच्या उद्यमबागेत, फाउंड्रीत त्याचे आयुष्य गेले. निवृत्तीच्या पैशातून तो ही गाडी घेणार होता. तुम्ही त्याला क्रोम दाखवत होतात, तो फ्रेम शोधत होता. त्या वर्षीच्या कॅडिलॅकचा नंबर 59, मग मॉडेलचे अक्षर, मग सहा आकडे असा असतो. सिरीज 62 कन्व्हर्टिबलला ‘एफ’, बिआरिट्झला ‘ई’. इंग्रजी ‘एफ’च्या पायाशी एक आडवी रेघ मारली की ‘ई’ होतो. इतकी सोपी चोरी कॅडिलॅकनेच तुमच्या हातात दिली आणि तुम्ही ती सोडली नाही. फ्रेमवरच्या बाकी सगळ्या खुणांच्या कडा साठ वर्षांच्या गंजाने बोथट झालेल्या. त्या एका रेघेची कड मात्र धारदार आणि खोली वेगळी. ठशाचा घाव कसा बसतो, हे ज्याने रोज पाहिले त्याला ते कळायला भिंग लागत नाही.

बॉनेटखालच्या, बॉडी बांधणाऱ्या फिशर बॉडी कंपनीच्या पट्टीवर रेघ मारून भागणार नव्हते. तिच्यावर 62 चा स्टाइल नंबर 6267 एफ, बिआरिट्झचा 6467 ई. दोनाचा चार रेघ मारून होत नाही. म्हणून तुम्ही पट्टीच नवी करून घेतलीत. तिच्यावरचे आकडे सुबक आहेत, पण तिच्याखालचा रंग इतका ताजा, की गाडीला पट्टी चार-सहा महिन्यांपूर्वी मिळाली असावी.

आणि इंजिनाचा ब्लॉक? तिथला तेलकट थर पुसण्याचे कष्ट तुम्ही घेतले नाहीत. आम्ही डिझेलच्या फडक्याने घेतले. तिथे फ्रेमवरचेच सहा आकडे होते, आणि त्यांच्या आधी स्वच्छ ‘59 एफ’. गाडीने स्वतःच साक्ष दिली.

तरीही तुम्ही तीन कार्बोरेटरकडे बोट दाखवलेत. बिआरिट्झला तीन कार्बोरेटर आणि 345 अश्वशक्ती होती हे खरे. पण जादा पैसे मोजून तेच इंजिन 62 लाही घेता येत असे. त्याने काही सिद्ध होत नाही. बिआरिट्झला हवेचे सस्पेन्शन कारखान्यातून येई. ते गळते म्हणून पुढे अनेकांनी स्प्रिंगा बसवल्या. त्यामुळे स्प्रिंगा असल्यानेही काही सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते पत्र्याने. 62 च्या अंगावरून एक सरळ क्रोमपट्टी जाते. बिआरिट्झची रुंद पट्टी काचेच्या खांबापासून निघून कडेकडेने मागे जाते आणि वळून खाली उतरते. तुम्ही जुनी पट्टी काढलीत, नवी बसवलीत, आणि जुन्या क्लिपांची भोके बुजवलीत. बाहेरून पुट्टी आणि पॉलिश उत्तम आहे. आतून हात फिरवला तर सरळ रांगेत वेल्डिंगचे टिपके लागतात, नेमके 62 ची पट्टी जिथून जायची तिथे.

मग तुम्ही शेवटचे हत्यार काढलेत: ‘राजघराण्याची गाडी आहे.’ पुरावा म्हणून राजवाड्याच्या फाटकासमोरचा एक फोटो. अशा फोटोने फक्त फाटक खरे ठरते. 1957-58 च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर मोटारींच्या आयातीवर इतकी बंधने आली, की 1959 ची अशी गाडी सहज बंदरात उतरणे शक्यच नव्हते. ती वकिलातीमार्फत आली असेल, नाहीतर परदेशातून कायमचे परतलेल्या कोणाच्या सामानात. दोन्ही वाटांवर कागद तयार होतो: कस्टमचे बिल ऑफ एंट्री, स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या विक्रीची पावती, जुने आरसी बुक. तुमच्याकडे यांतले एकही नाही; राजाची गोष्ट मात्र आहे.

राजाची खरी गाडी कशी ओळखतात, हे आपल्याच होळकरांच्या उदाहरणाने सांगतो. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी 1930 च्या दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग एसजे घेतली आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतली. रंग नारिंगी आणि काळा. तिच्या इंजिनाचा नंबर जे-585. एसजे धरून मॉडेल जे च्या गाड्या पाचशेच्याही आत बनल्या, आणि त्यांचे इंजिन, फ्रेम, फायरवॉल यांचे नंबर ताडून ऑबर्न कॉर्ड ड्यूसेनबर्ग क्लब प्रमाणपत्र देतो. भाग बदललेला असेल तर तसे नोंदवतो. त्या गाडीचा मान होळकरांच्या नावाने वाढला. पण ती खरी ठरते ती नंबरांनी.

निघताना तुम्ही आम्हाला म्हणालात, ‘इथे एवढे कोण बघतो?’ हे पत्र त्या वाक्यासाठी लिहितो आहे. पैशांची फसवणूक भरून निघते. तिच्यासाठी भारतीय न्याय संहितेचे 318 वे कलम आहे. पण आपल्याकडे या गाड्या मोजक्या आणि त्यांचे कागद त्याहून मोजके. अनेक गाड्यांच्या बाबतीत पत्र्यावर ठोकलेला नंबर हा एकमेव दस्तऐवज उरला आहे. तो तुम्ही खोडलात की ती गाडी कोणती होती, कुठून आली, हे पुन्हा कधीच कळणार नाही. तुम्ही एक बिआरिट्झ निर्माण केली नाही. एक अस्सल सिरीज 62 नाहीशी केली. आणि ज्या दिवशी तुमची गाडी उघडी पडेल, त्या दिवसापासून देशातल्या प्रत्येक प्रामाणिक मालकाकडे संशयाने पाहिले जाईल.

आता बघणारेही आहेत. केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा विंटेज नंबर मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये. अट एकच महत्त्वाची: गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. तुमच्या गाडीच्या फ्रेमवर एक अक्षर आणि इंजिनावर दुसरे. तो अर्ज तुमच्या गिऱ्हाइकाने भरायचा आणि आरटीओत उत्तरे त्यानेच द्यायची, असा तुमचा बेत दिसतो.

घेणाऱ्यांना माझे सांगणे थोडक्यात आहे: आधी कागद, मग तिन्ही ठिकाणचे नंबर, मग पत्र्याची आतली बाजू, आणि सगळ्यात शेवटी क्रोम. विकणारा हा क्रम उलटा करायला लागला की उठून यावे.

आणि तुम्हाला सांगणे असे: फ्रेमवरची ती रेघ घासून काढू नका, प्रत्येक घासणीत उरलेला पुरावाही जाईल. ती तशीच ठेवा आणि ती कोणी, कधी मारली हे विक्रीच्या कागदावर लिहून सही करा. बॉनेटखालची खोटी नंबरपट्टी काढा; खरी तुम्ही फेकली नसेल तर परत बसवा. मग जाहिरातीत ‘सिरीज 62 कन्व्हर्टिबल’ असे लिहा आणि 62 चा भाव सांगा. ती सुंदर गाडी आहे, तिला दुसऱ्या कोणाच्या नावाची गरज नव्हती. माझा आतेभाऊ त्या भावात ती घ्यायला आजही तयार आहे. फ्रेम आणि ब्लॉकवरच्या नंबरांचे फोटो आमच्याकडे आहेत; तोवर जो विचारेल त्याला ते दाखवले जातील.

– बेळ्ळंदूरमधला एक मराठी रहिवासी