सोमवार कुठला धरायचा?

माझ्या आत्याचा एक सिद्धांत आहे : जगात खाण्यासारखं जे काही आहे ते मूळचं कोकणातलं, बाकीच्यांनी ते नेलं आणि बिघडवलं. हा सिद्धांत पडताळायला मी तिला सिंगापूरच्या टेक्का सेंटरमध्ये नेलं.

तिथे एकाच छपराखाली चिनी, मलय, तमिळ गाळे मांडीला मांडी लावून बसलेले. पूर्वी हे सगळे फेरीवाले रस्त्यावरच असायचे. १९७०च्या दशकापासून सरकारने त्यांना उचलून नळ-गटारांची सोय असलेल्या इमारतींत, म्हणजे ‘हॉकर सेंटरां’त, बसवलं, आणि २०२० साली युनेस्कोने ही खाद्यसंस्कृती वारशाच्या यादीत घातली. “आणि आपल्या चौपाटीवाल्यांना कोणी विचारलं?” आत्याने तिथल्या तिथे निषेध नोंदवला.

दुपारची वेळ. खुर्च्या रिकाम्या, पण टेबलांवर टिश्यू पेपरची पाकिटं. पाकीट ठेवलं की जागा तुमची, हा तिथला अलिखित कायदा. मी समजावायला तोंड उघडणार, तोवर एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकण्यात हयात गेलेल्या आत्याने एका टेबलावर चष्म्याचं घर ठेवलंही होतं.

पहिलं आलं पुटू मायम. तांदळाच्या उकडलेल्या शेवया, वर खोबरं आणि साखर. “शिरवळेच की! पण नारळाचा रस कुठाय?” तिने गाळेवाल्याला मराठीत विचारलं. त्याने तमिळमध्ये उत्तर दिलं. दोघांचं समाधान झालेलं दिसलं.

मग ओंडे-ओंडे : पांदानच्या पानांच्या रसाने हिरवा केलेला, खोबऱ्यात घोळवलेला गोळा. “कळ्या पाडायचा कंटाळा केलेला मोदक,” असा निकाल देऊन तिने तो अर्धा चावला. इथेच सिद्धांत गडगडला. ओंडे-ओंडेच्या पोटात पातळ झालेला माडाचा गूळ असतो आणि तो अख्खाच तोंडात टाकून ओठ मिटून खायचा असतो. गूळ सुटला तो थेट समोरच्या चिनी आजोबांच्या सदऱ्यावर. आजोबांनी जागा धरायला ठेवलेलं पाकीट शांतपणे फोडलं, एक कागद स्वतः घेतला, एक आत्याला दिला. “माणूस आपल्याकडचाच वाटतो,” आत्या म्हणाली.

खाऊन झाल्यावर ताटं आपली आपण नेऊन ठेवायची. २०२१पासून हॉकर सेंटरांत ही सक्तीच आहे, न ऐकणाऱ्याला दंड. हे ऐकून तिने आमच्या घराण्यातल्या चार पुरुषांची नावं घेतली आणि त्यांना इथे वर्षभर ठेवायला किती खर्च येईल, याची चौकशी केली.

खरी पंचाईत निघताना झाली. एका गाळ्यावर लाक्सा उकळत होता : नारळाचं दूध, लाल मिरची आणि सोड्यांचा तो वास. आत्या जागच्या जागी थबकली. सोमवार होता. सोमवारी ती मासळीला शिवत नाही.

“लाउ पा सात नावाच्या दुसऱ्या हॉकर सेंटरमध्ये रात्रभर काही ना काही मिळतं,” हे मी बोलायला नको होतं. रात्री बारा वाजून गेल्या गेल्या तिने मला हलवून उठवलं. मी म्हटलं, “आत्या, रत्नागिरीत अजून साडेनऊच वाजलेत. आणि आपल्यात वार सूर्योदयाला बदलतो.”

“रत्नागिरीत लाक्सा मिळतो का?” तिने चपला घालत विचारलं.