टाकीच्या दुखण्यावर आकड्याचा उतारा

अमेरिकेतील 1993 ते 2004 च्या जीप ग्रँड चेरोकी आणि 2002 ते 2007 च्या जीप लिबर्टी या गाड्यांची पेट्रोलची टाकी मागच्या आसाच्याही मागे, म्हणजे पाठीमागून धडकणाऱ्या वाहनाच्या थेट स्वागताला, बसवलेली होती. धडकेत ती फुटून आग लागते म्हणून तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाने जून 2013 मध्ये सुमारे 27 लाख गाड्यांच्या ‘रिकॉल’ची, म्हणजे सदोष गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्त करून देण्याची, मागणी केली. क्रायस्लर कंपनीने आधी ठणकावून नकार दिला आणि दोनच आठवड्यांत, गाड्यांत दोष नसल्याचे पालुपद कायम ठेवून, सुमारे 15 लाख 60 हजार गाड्यांपुरती मान तुकवली. टाकी अर्थातच जागची हलली नाही. तिच्या मागे ट्रेलर ओढण्याचा लोखंडी आकडा लावण्याचे ठरले, जो कमी वेगाच्या धडकेत थोडे संरक्षण देईल असे सांगण्यात आले. भरधाव येणाऱ्यांनी बहुधा आकडा पाहून वेग आवरायचा होता.

त्यातही, रिकॉल प्रलंबित असलेली नवी गाडी विकण्यास संघीय कायद्याची मनाई असली तरी जुनी गाडी विक्रेत्याला तशीच विकता येते. चासीचा 17 अक्षरांकी क्रमांक पडताळून आकडा बसला आहे की नाही, हे खरेदीदारानेच वाकून पाहायचे.