सँपल

लालबागच्या आमच्या चाळीत टोपणनाव पडायला फारसं कारण लागत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या या मुलाने मात्र आपलं नाव स्वतः कमावलं. जिन्यात कधीही भेटला की एकच, "काका, आज सँपल बिघडलं." महिन्याभरात पोरं त्यालाच सँपल म्हणू लागली. मुंबईच्या मराठीत या शब्दाला जो दुसरा अर्थ आहे, तोही त्याला माप घेऊन शिवल्यासारखा बसतो.

शिकला माटुंग्याच्या यूडीसीटीत. 1933 सालच्या त्या संस्थेला आता आयसीटी म्हणतात, पण ही बातमी आमच्या गॅलरीपर्यंत अजून आलेली नाही. सध्या तो कुठल्याशा प्रयोगशाळेत लिथियम बॅटरीसाठी प्लॅस्टिकचे पापुद्रे पाडतो. बॅटरीतला द्रव सहज पेट घेतो, म्हणून त्याच्या जागी पापुद्रा. प्लॅस्टिक कुठलं, त्यात मीठ कुठलं आणि किती, यांची मिश्रणं ढीगभर. त्यातलं कामाचं झटपट हुडकायचं, याला ते लोक रॅपिड स्क्रीनिंग म्हणतात.

रॅपिड! या माणसाने दादरला चपला घ्यायला तीन रविवार घालवले. तेच दुकान, तेच तीन जोड. आधी उजवा पाय, मग डावा, मग मोजे घालून. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काका," हे मला समजावत होता. चौथ्या रविवारी दुकानदाराने त्याला चहा पाजला आणि आज दुकान बंद आहे म्हणून सांगितलं. अजून तो जुन्याच चपला घालतो. उजवीचा अंगठा तुटलाय.

पण विषय समजावून सांगावा तर त्यानेच. "आपल्याकडची गणपतीची रांग आठवा," म्हणाला. "लिथियमचा आयन म्हणजे भाविक. द्रवात तो मोकळा पोहत जातो. प्लॅस्टिकात त्याला स्वतःहून हलता येत नाही. तिथल्या लांब साखळ्या वळवळतात आणि त्याचा दंड धरून पुढच्याकडे ढकलतात, कार्यकर्ते ढकलतात तसं. थंडी पडली की साखळ्या जागच्या जागी गोठतात. कार्यकर्ते जेवायला गेले की रांगेचं जे होतं, तेच." असल्या प्लॅस्टिकातून आयन वाहतात हे 1973 साली इंग्लंडमधल्या शेफील्डच्या संशोधकांनी छापलं, त्याची बॅटरी करावी हे 1978च्या सुमारास मिशेल आर्मां या फ्रेंच माणसाने सुचवलं. सगळ्यांचं लाडकं प्लॅस्टिक पीईओ. नेहमीच्या तापमानाला ते द्रवापेक्षा हजारपटींहून मंद; साठेक अंशांच्या पुढे त्याला जाग येते. पॅरिसमध्ये 2011 ते 2018 भाड्याने फिरणाऱ्या छोट्या मोटारींत असल्याच बॅटऱ्या होत्या आणि त्या सतत गरम ठेवाव्या लागत. साठ अंश म्हणजे मे महिन्यातला भरदुपारचा लोकलचा डबा, असं मी म्हटलं. त्याने गंभीरपणे सांगितलं, "नाही काका, तिथे चाळीसच्या आसपास असेल."

एकदा तो मोबाइलवरचा आलेख आईला, म्हणजे आमच्या वहिनींना, दाखवत होता. पापुद्रा दोन पोलादी चकत्यांत दाबून वीज उलटसुलट खेळवली की असा आलेख उमटतो: एक अर्धवर्तुळ, पुढे तिरकी रेघ. वहिनींनी चष्मा वर केला. "करंजी का रे? आणि ही शेपटी कसली?"

"करंजी जितकी लहान, तितकं सँपल चांगलं."

"हे कुठलं शास्त्र मेलं!" वहिनी म्हणाल्या.

खरं रॅपिड स्क्रीनिंग बघायचं तर एप्रिलमध्ये वहिनींबरोबर मिरची गल्लीत जावं. मी पिशव्या धरायला गेलो होतो. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, हे घरूनच ठरलेलं. पोत्यात हात घातला, एक मिरची उचलली, कानाशी हलवली. बिया वाजल्या. दुसऱ्या पोत्यातली वाकवली. ती मोडली नाही, नुसतीच वाकली. "ओली आहे," आणि पुढच्या दुकानात. तासाभरात मिरच्या, धणे, खडा मसाला घेऊन आम्ही डंकावर हजर. वहिनी चांगली मिरची शोधतच नाहीत, वाईट हाकलतात. परदेशात आता यंत्रांचे हात मिश्रणं करतात आणि नापास कोण होणार हे संगणक आधीच पुटपुटतो, असं सँपल सांगतो. माझ्या मते तो संगणक वहिनींची नक्कल करतोय.

ओल हा मायलेकांचा सामायिक शत्रू. त्याचं लिथियमचं मीठ हवेतलं पाणी पिऊन बसतं, म्हणून काम आर्गॉन वायूने भरलेल्या पेटीत, रबरी हातमोज्यांतून. आत दहा लाखांत एक भागसुद्धा वाफ चालत नाही, आणि बाहेर जुलैची मुंबई. परवा रात्री भिजून आला आणि पायरीवरच बसला. आठवड्याची सगळी सँपलं पाण्याने गेली होती.

वहिनी मसाल्याची बरणी बंद करत होत्या. "हिंगाचा खडा टाकतोस का त्या पेटीत?" म्हणाल्या. "आमच्या बरणीला वर्षभर काही होत नाही."

मी हसलो. सँपलने खिशातून वही काढली आणि विचारलं, "किती ग्रॅम?"