वाऱ्यावर सोडलेली भांडणं

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी झालेलं भांडण कुणी मनाला लावून घेत नाही. "जाऊ द्या ना बाप्पा, हवा कशी चालून राहिली पाहा," असं कुणी तिसऱ्यानं म्हटलं की दोन्ही पक्ष माना डोलावतात आणि आपापल्या सावलीला लागतात. पुण्यात भांडायला मुद्दा लागतो, मुंबईत सवड लागते. आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की पुरतं.

२३ मे २०१३ रोजी हा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या दिवशी कोण कुणाला काय बोललं, याची नोंद हवामान खातं ठेवत नाही, म्हणून शहरातली बरीच लग्नं टिकून आहेत.

मे महिन्यातला हा गरम वारा येतो वायव्येकडून, राजस्थानच्या अंगानं. वाटेत त्याला ओलावा असा भेटतच नाही. आपल्या कातडीचं तापमान साधारण पस्तीस अंश. हवा त्याहून गरम झाली की वारा अंगातली उष्णता न्यायचं सोडून उलट आणून द्यायला लागतो. घाम येतो, पण दिसायच्या आत वाळतो. त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळत नाही, तहान उशिरा लागते, तोवर डोकं ठणकायला लागलेलं असतं, आणि असं डोकं घेऊन माणूस दुसऱ्याचं खायला निघतो. त्यात रात्री भिंती तापलेल्या, झोप नाही. नवतपा लागला, म्हणजे २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत गेला, की वसुलीवाले, विमा एजंट आणि मुलीसाठी स्थळं सुचवणारे शहाणे लोक दुपारी कुणाची बेल वाजवत नाहीत.

घरातल्या राजकारणाचं केंद्र म्हणजे कूलर. पत्र्याचा, खिडकीला ठोकलेला, ताट्यांत नवा वाळा भरलेला. त्याच्या थेट समोरची जागा आजोबांची. जावई आला तर त्याची. आजोबा आणि जावई एकाच दिवशी असले तर घरातल्या बायका स्वयंपाकघरात कारण नसताना भांडी घासतात. "हवा अडवू नको!" हे वाक्य मी लहानपणी स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल. कूलरची टाकी भरायची कुणी, यावर मात्र आमच्या घरी अजून एकमत नाही. कुणीतरी पाइप लावतं, बाकीच्यांना वाटतं तोच बंद करणार, तो घोरत असतो, आणि पाणी खिडकीखालून शेजारच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर जातं.

"काऊन हो काकाजी, तुमचा कूलर वाहून राहिला!" शेजारीणबाई कुंपणावरून ओरडतात. आवाजात नुसत्या कुरडया नसतात, मागच्या तीन उन्हाळ्यांचा हिशेब असतो.

रस्त्यावर तर आणखी मौज. दुपारी नागपूरकर डोक्यापासून गळ्यापर्यंत दुपट्टा गुंडाळून, वर गॉगल चढवून निघतो. ओळख पटायची सोयच नाही, त्यामुळे जीभ एकदम मोकळी. आमच्या काकाजींनी एकदा चौकात कट मारणाऱ्या स्कूटरवाल्याचा असा उद्धार केला की पानठेल्यावरची मंडळी ऐकायला उठून उभी राहिली. त्यानंही तोडीस तोड उत्तर दिलं. मग दोघं उसाच्या रसासाठी एकाच गाडीशी थांबले, दुपट्टे सोडले, तर समोर व्याही! "अरे, या या, व्याहीबुवा!" "हवा फार आहे नाही आज?" "फारच." रसाचे पैसे द्यायला दोघांची ओढाताण झाली, ती मघाच्या भांडणापेक्षा जोरात.

वाऱ्यावर बिल फाडण्याचा मान एकट्या विदर्भाचा नाही. आल्प्सच्या उतारावरून फ्यॉन नावाचा गरम वारा सुटला की म्युनिक-इन्सब्रुककडची माणसं डोकेदुखीपासून चिडचिडीपर्यंत सगळं त्याच्या नावे मांडतात. कॅलिफोर्नियात वाळवंटाकडून सांता आना वाहतो. रेमंड चँडलर यांनी १९३८ साली त्या वाऱ्यातल्या एका रात्रीवर 'रेड विंड' ही खूनखराब्याची कथा लिहिली. जेरुसलेमच्या फेलिक्स सुलमन या शास्त्रज्ञांनी तर तिकडच्या शुष्क वाऱ्यातल्या धन आयनांवर बोट ठेवलं होतं: या आयनांमुळे शरीरातलं सेरोटोनिन वाढतं आणि माणूस बिथरतो. पुढच्या तपासण्यांत हा दावा फारसा टिकला नाही. मला विचाराल तर बिघडलेली झोप आणि न प्यायलेलं पन्हं एवढ्यावर निम्मी प्रकरणं निकाली निघतात. पण आयनांची गोष्ट मी काकाजींना सांगून बसलो, आणि ते शेवटचं वाक्य ऐकायला थांबले नाहीत.

तेव्हापासून घरात नवी भाषा सुरू झाली. भाजीवाल्यावर खेकसले, आयन. काकूंच्या भावाला फोनवर तोडून बोलले, आयन. बँकेतल्या साहेबानं परत पाठवलं, तर साहेबाचे आयन. काकू गप्प राहिल्या. त्या जूनची वाट पाहत होत्या.

मृगाचा पाऊस आला. ताट्या काढून गच्चीवर टाकल्या, कारण दमट हवेत कूलर म्हणजे नुसता आवाज. संध्याकाळी भज्यांत मीठ कमी पडलं म्हणून काकाजी कडाडले. काकूंनी झारा खाली ठेवला.

"आता तं पाणी आलं. आता कोणते आयन?"

काकाजींनी भजं तोंडात टाकलं, सावकाश चावलं.

"मे महिन्यातलेच आहेत," ते म्हणाले. "स्टॉक संपून राहिला."