संहितेवाचून

संहिता हाती नसता, प्रेक्षकांनी उच्चारलेल्या एका शब्दावरून तत्क्षणी प्रसंग उभा करण्याची जी कला ‘हूज लाइन इज इट एनीवे?’ या कार्यक्रमाने १९८८ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवर आणली, तिचे अप्रूप माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत थंडीत कुडकुडत तमाशाची बतावणी ऐकलेल्या नांदेडकरास वाटावे तरी किती? त्या कलेचा पहिला दंडक असा की, समोरच्याचे म्हणणे कदापि नाकारावयाचे नाही, होकार देऊन त्यात भर घालावयाची. आणि हा दंडक आमच्याकडील कोणताही अव्वल कारकून विलायतेस न जाता पाळतो.

‘साहेब, फेरफाराचा अर्ज आणलाय.’

‘बरं केलंत. आता सातबारा आणा.’

‘आणलाय की.’

‘छान! मग त्याची खरी नक्कल आणा.’

नकार म्हणून नाहीच. मात्र पडदाही पडत नाही. त्या कलेतला नसलेल्या पेल्यातून नसलेले पाणी पिण्याचा अभिनय तर, २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी येईतो, अवघे लातूर नळाखाली घागर मांडून करीत होते.

‘हूज लाइन’च्या खेळात सूत्रधार मनास येईल तसे गुण वाटतो आणि त्यांस कवडीचेही मोल नसते, ही गोष्ट मी लातुरात, जेथे अभ्यासाच्या ‘पॅटर्न’पायी एकेका गुणासाठी बिऱ्हाडे हलतात, एका पालकास सांगितली, तेव्हा ते गृहस्थ हसले नाहीत. म्हणाले, ‘मग नंबर कशावर लागतो हो?’